भुईच्या वाट्याचं काड

आत्याबाई, यंदाही परतीचा पाऊस चुकला. रानात उसाचं पाचट अंथरून घरी आले, हात धुतले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सून म्हणून या घरात आल्यापासून मी तुमच्याशी कितीतरी बोलले असेन, पण मनात राहिला आहे तो त्या एका हिवाळ्यातला अबोला.

त्या साली असाच कोरडा पावसाळा गेला होता. शेळगावातलं आपलं रान कॅनॉलच्या वरच्या अंगाला, तिथं पाणी चढत नाही. जमिनीत मुरेल त्या ओलीवर ज्वारीचा शाळू यायचा, नाहीतर जायचा. मी बारामतीला बायकांच्या शेतीच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथं सांगितलं होतं की नांगरून रान उलथलं की आतली ओल वाऱ्यावर जाते. न नांगरता पेरा, पीक वर आलं की दोन ओळींमध्ये काड पसरा. तुमचा मुलगा दुधाच्या टेम्पोवर असायचा, घरी कमीच. तो म्हणाला, "अर्ध्या रानात तुझं कर, अर्धं मी नांगरून घेतो. आईचं मात्र तुझं तू बघ."

शाळू गुडघ्याला लागला तेव्हा गंजीतलं गव्हाचं काड पाटीनं नेऊन मी ओळींत पसरायला लागले. दुपारी तुम्ही आलात. बांधावरच थांबलात.

"काय करतीस गं?"

"वल धरून ठिवायला काड घालतीया, आत्याबाई."

"आन् म्हशींनी काय खायाचं? वल?"

तुम्ही खाली वाकून पसरलेलं काड कवेत गोळा करायला लागलात. मी भरलेली पाटी उचलली, तर तुम्ही तिचा दुसरा काठ धरलात. आपण दोघी ओढत उभ्या. शेजारच्या रानातली माणसं काम थांबवून बघताहेत, आणि मला लाजही वाटत नाही, इतका राग आलेला.

"जनावराच्या तोंडचा घास काढून भुईला घालतीस," तुम्ही म्हणालात. "भुई काय रवंथ करतीया व्हय?"

तुमचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. चाऱ्यावाचून कळपातलं एकेक मेंढरू वाटेत बसलं की परत उठायचं नाही, हे तुम्ही मला सांगितलेलं होतं. सगळं माहीत असून मी म्हणाले, "शाळूच न्हाय आला तर कडबा कुठला? मग फुडच्या साली काय घालशीला म्हशींला?"

तुम्ही पाटी सोडलीत. पटलं म्हणून नव्हे. तोंड फिरवून चालत्या झालात, आणि त्या दिवसापासून माझ्या हातचं जेवला नाहीत. परसात तीन दगड मांडून आपली भाकरी आपण थापायला लागलात. गंजी रोज खाली बसत होती. दोन्ही म्हशींचं दूध आटलं. सकाळी त्या हंबरल्या की मला वाटायचं, तुम्हीच बोलताय.

मग एके सकाळी उठून बघते तर गोठा रिकामा. भिगवणहून तुमच्या मुलाचा फोन आला, "आई डाळजला मामाकडं चाललीय, म्हशी घेऊन. म्हणती, तितं धरणाच्या कडंला हिरवं हाय." रस्त्यात त्याला दिसलात म्हणून कळलं. तुमच्या वयाला एवढी वाट, तीही म्हशी हाकत, मुक्काम करत. गावात दुपारपर्यंत बोभाटा झालाच, काडापायी सुनेनं सासूला घालवली.

तुम्ही गेल्यावर मी रोज रानात जायचे, बोटांनी काड बाजूला सारून माती चाचपायचे. खाली गार लागायचं. नांगरलेल्या अंगाला जमीन उललेली, भेगांत पाऊल जाईल अशी, आणि शाळूची पानं दुपारी सुरळी होऊन उभी. पण काडाखाली उंदरांनी बिळं केली. एका कोपऱ्यातली शाळूची ताटं कुरतडून आडवी पाडली. त्या दिवशी मी बांधावर बसून राहिले. हेही गेलं तर चाराही गेला, माणूसही गेलं.

गेलं नाही. कणसं आली तेव्हा नांगरलेल्या अंगाची पोचट, हातात घेतली तर हलकी. काडातली दाण्यांनी भरली. फार नव्हे, पण घर खाईल आणि जनावरं जगतील एवढा दाणा-कडबा त्या अर्ध्या रानानं दिला. कडब्याची गंजी रचून झाली तरी तुम्ही नव्हता.

आलात त्या दिवशी दारात पिकअप थांबली. मागं दोन्ही म्हशी, अंगानं भरलेल्या, आणि त्यांच्या पायांशी वाळक्या पानांचे भारे.

"ह्ये काय आणलं?" मी विचारलं.

"उसाचं पाचट. तिकडं पेटवून देत्यात लोकं. जनावर तोंड लावत न्हाय ह्याला." तुम्ही कडब्याच्या गंजीकडं बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "भुईला ह्ये घाल. काडाला हात लावायचा न्हाय."

तुम्ही म्हशी गोठ्यात बांधल्या. मी दारात उभी होते. विचारलं, "जेवायचं हाय का?"

"वाढ," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर आपल्या रानात नांगर गेला नाही. आता इंदापूरकडून, बारामतीकडून लोक बघायला येतात, पाचट सारून माती दाबून बघतात. मला विचारतात, 'तेव्हा तुम्हांला खात्री होती का?' मी ठासून म्हणते, होती. हा कागद कुठं धाडायचा नाही, तुमच्या-माझ्यातच राहील, म्हणून तुम्हांला खरं सांगते, नव्हती. आणि पीक घरात आल्यावरही, डाळजला येऊन तुम्हांला 'चला' म्हणायचा धीर मला झाला नव्हता. तुम्हीच आलात, आत्याबाई. मी आले नसते.