निरुपद्रवी गाठ

४ जून
कर्करोग नाही! डॉक्टर एवढं म्हणाले आणि दादाने पुढचं ऐकणंच सोडलं. घरी येऊन फोनवर फोन— "साधी चरबीची गाठ हो, निरुपद्रवी!" पुढचं मी ऐकलं. त्याच्या आठ वर्षांच्या टिल्लूचे कमरेचे मणके जन्मतःच नीट मिटलेले नाहीत. तिथे ही गाठ मज्जारज्जूला चिकटून बसलीय. पोरगी उंच होईल तसा तो ताणला जाणार. पाय लटपटले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ऑपरेशनला उशीर नको.
निरुपद्रवी म्हणे! वीस वर्षं माझं लग्न जमवायला येणाऱ्यांनाही आमच्याकडे निरुपद्रवीच म्हणत.

९ जून
वहिनीचा भाऊ आला. गाड्यांचे विमे विकतो, त्यामुळे मेंदूपासून माकडहाडापर्यंत सगळं कळतं. "पाठीला सुरी लागली की माणूस जन्मभर अंथरुणात!" — पोरीसमोर! वर चहा मागितला. दिला. बिनसाखरेचा.

२ जुलै
रोज सकाळी पॅसेजमध्ये टिल्लूची परेड. दादा फरशीवर आडवा पडून पाय बघतो, वहिनी दारातून निकाल देते. "सरळ चालतेय." "कसली सरळ? डावा घासतोय!" टिल्लू माझ्या कानात— "आत्या, थोडी लंगडू का? बाबा किती वेळचे वाट बघतायत."

१९ जुलै
शाळेतून बाईंचा फोन. ही दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. "हट्टी आहे मेली," वहिनी. मी टिल्लूला गच्चीवर नेलं. तिथे ती— "शू कधी होते कळतच नाही गं. प्यायलंच नाही तर होणार नाही ना? सांगू नकोस हं. मामा म्हणाला ना, जन्मभर अंथरुणात."
दादा-वहिनीला सांगितलं. तिच्या देखतच. नंतर मामासाहेबांना फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. वही चांगल्या कागदाची आहे.

२१ जुलै
डॉक्टर म्हणतात, गाठ सगळी निघणार नाही. रज्जू मोकळा करायचा, बस. गेलेला ताबा परत येईलच असंही नाही. या वेळी दादाने शेवटपर्यंत ऐकलं. मग मला विचारलं, "काय म्हणाले गं?"

२९ जुलै
ऑपरेशन झालं. पाय हलतायत! बाकीचं लघवीची नळी काढल्यावर कळेल. मामासाहेब येऊन तासभर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. वैद्यकशास्त्र फारच पुढे गेलंय.

५ ऑगस्ट
सकाळी नळी काढली. दुपारी टिल्लू वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली— "आत्या, शू लागलीये! पळ!"
पळाले.