वीस काजं

६ फेब्रुवारी, शुक्रवार
चार महिने इथे एक ओळ नाही. माफ कर. लिहिलं असतं तर खरं लिहावं लागलं असतं.
पुढच्या शुक्रवारी तपासणी. शिवणाचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते त्यावरच ठरणार. मुली वीस. मशिनं आठ, चालू तीन. कोणी रजेवर गेलं की – "शिवणाच्या बाई मोकळ्याच आहेत!" वर्षभर गणिताच्या, भूगोलाच्या वर्गांवर बसले.
तपासणीच्या अर्जात रकाना आहे: ‘अध्यापनातील अडचणी’. मोठ्या बाई म्हणाल्या, "‘काही नाही’ लिहा. रडगाणं गाणाऱ्याचा वर्ग आधी जातो."
लिहिलं. काही नाही!

७ फेब्रुवारी
मुलींनी हाताने केलेली बटणांची काजं पाहिली. मांजराने ओरबाडल्यासारखी. त्यांचा काय दोष? काज दाखवायला मला एकच तास मिळाला होता. – की मी एकच मागितला?

८ फेब्रुवारी
वीसही नमुने घरी आणले. उसवले, स्वतः केले. सकाळी बसले ती दिवेलागणीला उठले. हे दोनदा डोकावले. "परीक्षा मुलींची का तुझी?"


१३ फेब्रुवारी
तपासनीस बाई पूर्वी शिवणच शिकवायच्या. काजांवरून अंगठा फिरवत गेल्या. पाचव्याला थांबल्या. मग भराभर सगळी पाहिली.
"बाई, तुमच्या वर्गात सगळ्याच मुली डावखुऱ्या?"
डाव्या हाताच्या काजाची वीण उलटी झुकते. कॉलेजात माझे नमुने यावरूनच ओळखायचे. आणि मी विसरले!
मी बोलणार होते. (खरंच होते का?) तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या चिमणीने सुई उचलली – डाव्या हातात. "हो बाई. आमच्या बाई डावखुऱ्या ना, मग आम्हीपण तशाच शिकलो."
मागच्या बाकावर दुसरीने उचलली. मग तिसरीने. मग सगळ्यांनी.
चिमणीच्या बोटात सुई घुसली. कापडावर रक्ताचा ठिपका. तिने तो अंगठ्याखाली झाकला आणि हसली.
मी शेऱ्यांची वही तपासनीस बाईंपुढे सरकवली.

१४ फेब्रुवारी
शेरा: ‘उत्कृष्ट. वर्ग चालू ठेवावा.’ मोठ्या बाईंनी वर्गात येऊन टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना चिमणी कानाशी म्हणाली, "जमलं ना, बाई?" बोटाला चिंधी.
वर्षभरात काज शिकल्या नाहीत. हे एका मिनिटात शिकल्या.

१५ फेब्रुवारी
उद्या – तपासनीस बाईंना पत्र: वर्गात डावखुरी एकच. मी.