आबाजींचा तिसरा अंक

सिंदेवाही,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सूरजदादास,
रुपालीचा शि. सा. न.

इथे सगळे बरे आहेत, म्हणजे उभे आहेत. धानाची कापणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, माझी कंबर गेली आहे. तुझ्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

आबाजींना जाऊन वर्ष झालं. संक्रांतीनंतर गावात शंकरपट आहे. बैल पळून झाले की धनराजकाका आबाजींच्या आयुष्यावर नाटक लावणार आहेत. आपल्या झाडीपट्टीत नाटकावाचून काही होतं का! वडसाच्या प्रफुलने ते लिहिलंय. त्यात आबाजी एकाहत्तरच्या लढाईत, तिसऱ्या अंकात शहीद होतात. मी म्हटलं, काका, आबाजी त्र्याहत्तराव्या वर्षी घरच्या खाटेवर गेले. तर म्हणाले, खाटेवर मेल्या माणसाले टाळ्या कोन वाजवते?

आणि आबाजींचं काम तू करणार, असं काकांनी परस्पर जाहीर केलंय. खराखुरा शिपाई नातू! फलकावर तुझा फोटोही लागला. ते कळल्यापासून आजी धड जेवत नाही. विचारलं की भूक नाई म्हणते. काकांशी भांडायला माझ्यात आता त्राण नाही. तूच काय ते ठरव.

लोभ आहेच, तो थकू देऊ नकोस.

तुझी,
रुपाली

*

सीमेवरून,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. रुपालीस,
सूरजचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे बर्फ उपसून खांदे भरून आलेत. जानेवारीची सुट्टी मंजूर आहे. काकांनी मला न विचारता मारून टाकलं, हे झकास केलं!

खरं सांगू? मला ते काम करावंसं वाटतंय. मी फौजेत आलो तो आबाजींमुळे. लढाईचं विचारलं की ते फक्त खंदक खोदल्याचं आणि पातळ चहाचं सांगायचे. त्यांच्यासाठी एकदा सगळं गाव उठून उभं राहिलेलं मला पाहायचंय.

पण आजीपेक्षा नाटक मोठं नाही. हे पत्र तिला काकांसमोर वाचून दाखव. ती म्हणेल तसं करीन.

कंबरेला शेक दे. माया ठेव.

सूरज

*

सिंदेवाही,
१२ डिसेंबर २०२४

ती. सूरजदादास,
शि. सा. न.

पत्र वाचलं.  आजी म्हणाली, लढाईच्या सालात मी रोज मनात त्यायले मारत होती, तरी ते आले. आता पोराले काऊन मारता? नाटक आहे हे मले समजते, पण डोळ्यायले समजत नाई.

काका फणकारले. मग शिपाई शेवटच्या अंकात करतो तरी काय, असं त्यांनी विचारलं. आजीने सांगितलं, ते आले, बूट काढले, पाणी पेले आणि दोन दिवस झोपले. मी माशा हाकलत बसली. तेच दाखवा.

बाहेर जाऊन काका खूप रडले. मग त्यांनीच प्रफुलला शेवट बदलायला लावला. टाळ्या पडणार नाहीत, असं तो बजावून गेलाय.

तर दादा, तुझं काम एवढंच: घरी यायचं, बूट काढायचे आणि झोपायचं. माशा हाकलायला आजी स्वतः स्टेजवर बसणार आहे.

वाट पाहणाऱ्या सगळ्यांचा लोभ.

रुपाली