गंधालीचा छंद

ती. वसुधाकाकू,

तिसऱ्या मजल्यावरच्या सौरभचा दुसऱ्या मजल्याला साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (आई म्हणते, माझ्यावर चिडल्यापासून तुम्ही जिना भराभर चढता.) एक मजला उतरून सांगायची गोष्ट पत्रात लिहितोय, कारण मी बेल वाजवली की तुमचं दार साखळीपुरतंच उघडतं, आणि तेवढ्या फटीतून माफी आत जात नाही.

वधूवर मंडळाची वेबसाइट मी फुकटात करून देतो म्हणालो, तेव्हा मरोळच्या ऑफिसात कोड शिकायला लागून मला जेमतेम दीड महिना झाला होता. त्यात माहितीच्या प्रत्येक ओळीला चौकोनी कंसात एक चिठ्ठी लावायची असते: हिचं पडद्यावरचं नाव ‘उंची’, हिचं ‘शिक्षण’, ही भरलीच पाहिजे. आता शाळेत आकृतीचं नाव आपण आकृतीखाली लिहायचो, अल्बममध्ये फोटोखाली लिहितो, म्हणून मीही सगळ्या चिठ्ठ्या ओळींखाली लावल्या. पण संगणक चिठ्ठी तिच्या खालच्या ओळीची समजतो (हे पुस्तकात होतं, पुस्तक माझ्याकडे होतं, वाचलं नव्हतं). सगळ्याच ओळींची नावं एकेक ओळ खाली सरकली. तुमच्या गंधालीची उंची ‘एम.कॉम.’ झाली, शिक्षण ‘सहकारी बँकेत’, नोकरी ‘गाणं आणि ट्रेकिंग’. इथवर लोकांनी सांभाळून घेतलं असतं. पण तुम्ही अपेक्षेत लिहिलेलं छंदात गेलं आणि मंडळाच्या दोनशे घरांत पोचलं: ‘छंद: उंच, निर्व्यसनी मुलगा, मुंबईत स्वतःचं घर.’

मुलुंडच्या मुलाच्या आईने तुम्हाला फोन करून विचारलं, “लग्नानंतर ती हा छंद सोडणार ना?” आणि ठरत आलेली बैठक मोडली. काकू, मला खरंच फार वाईट वाटतं. (हसू आलं होतं, पण ते आधी.) तुमच्या हातचे घावणे खाऊन वाढलोय मी. तुम्ही बोलत नाही, तर घाटकोपरात राहावंसं वाटत नाही. माफ करा.

तुमचा,
सौरभ

ता. क. दुरुस्ती सोमवारी लावतोय. ‘अपेक्षा’ ही शेवटची चिठ्ठी खाली ओळच नसल्याने लोंबकळत होती आणि संगणक ओरडत होता, म्हणून मी तिच्याखाली एक रिकामी ओळ टाकली होती. त्यामुळे आज गंधालीची अपेक्षा काहीच नाही. सोमवारी तिथे पुन्हा स्वतःचं घर येईल, आणि आमचं घर बाबांच्या नावावर आहे. म्हणून आज रविवारीच विचारतो: माझं स्थळ चालेल का?

ता. क. २. गंधालीला आधीच विचारलंय. ती म्हणाली, “बावळटा, दुरुस्ती पुढे ढकल ना!”