बिननावाची एक ओळ

३ फेब्रुवारी, सकाळ
चांगदेवमामा उरणमधले मोठे ट्रेलरवाले, पण ऑफिस अजून एक्सेलवर. तेही त्यांच्या मुलीचं, हेमालीचं. कॉलमना नावं काय, तर ‘गाडी’, ‘कधी आली’, ‘नंबर कोणाचा’. बालवाडी! महिनाअखेर मामा ठरवणार, ऑफिस कायमचं कोणाकडे. मी ऐरोलीची नोकरी सोडून आलोय. (कंपनीनेही त्याच दिवशी तसंच ठरवलं, हा योगायोग.) ऑफिस मलाच मिळालं पाहिजे.

५ फेब्रुवारी
गाड्यांचे नंबर लावणारा प्रोग्राम ॲरे लँग्वेजमध्ये लिहितोय, सगळा चिन्हांचा. इथे एकेका गाडीला हात लावत बसायचं नाही, अख्खी यादी एका दमात. शिवाय फंक्शनला फंक्शन जोडत जायचं, आत येणाऱ्या माहितीचं नावच लिहायचं नाही. सरासरी हवी? बेरीज, भागाकार, मोजणी, तीन चिन्हं शेजारी शेजारी. कडेची दोन आपापलं काम करतात, मधलं त्यांची उत्तरं एकत्र आणतं. कशाची सरासरी? हे विचारणारी माणसं या क्षेत्रात नकोतच.
मामांना दाखवलं. म्हणाले, “आरं, पन ह्यान गारी कुठं हाय?” गाडी नाही, हेच तर सौंदर्य! कपाळ माझं.

८ फेब्रुवारी
हेमाली म्हणते, चिन्हांच्या बाजूला निदान मराठीत टीप लिही, उद्या आजारी पडलास तर? मी आजारी पडत नाही. टीप लिहिणं हा कोडचा अपमान आहे. तसं तोंडावर सांगितलं. माझा चहा उचलून घेऊन गेली. जळते.
संकल्प: तिच्याशी कामापुरतंच बोलणे.

११ फेब्रुवारी
प्रोग्राम तयार, अख्खा एका ओळीत. ट्रेलर भाड्यासाठी थांबतात त्या यार्डाचा नियम एकच: आधी आला त्याचा नंबर आधी, मग भाडं जवळचं असो की लांबचं. यावरून इथे कॉलर धरतात. माझी ओळ कोण किती थांबलं ते काढते, रांग लावते. चाचणीत बरोब्बर!
संध्याकाळी पुन्हा पाहिली. लांब ओळीत एका जागी सरासरीसारखीच तीन चिन्हं शेजारी होती, त्यातलं मधलं उगाच वाटलं. काढलं. आता आणखी देखणी दिसते. पुन्हा चाचणी घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं.

१२ फेब्रुवारी, सकाळ
हेमालीचं एक्सेल बंद, माझी ओळ चालू. ड्रायव्हर पडद्यासमोर जमलेत. मोठा दिवस.

१२ फेब्रुवारी, दुपार
ड्रायव्हर मंडळी अडाणी आहेत. नुकताच आत शिरलेला ट्रेलर पहिला सुटला, पहाटेपासून थांबलेला अंबाजी तळाला. त्याने ट्रेलर गेटात आडवा घातला आणि चावी खिशात टाकली. “मी पहाटंपासून हितं हाय. आता कोन बाहेर जातं तेच बघतू.” बंदरावर पोचवायचे कंटेनर आत अडकले, बाहेर हायवेपर्यंत हॉर्न.
तीनाची दोन चिन्हं झाली की ती वेगळ्याच रीतीने जोडली जातात आणि उत्तर फिरतं, हे मला माहीत होतं. म्हणजे वाचलं होतं.
मामा ओरडले नाहीत. म्हणाले, “तूच लिवलंस ना? मंग वाच.” सगळ्यांसमोर! उजवीकडून सुरुवात केली. पहिलं चिन्ह सांगितलं, दुसरंही. तिसऱ्यापाशी आत काय येतं, गाड्यांची यादी की थांबल्याची वेळ, तेच आठवेना. मी म्हणालो, ही भाषा मोठ्याने वाचायची नसते. अंबाजी हसला. फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. तोवर हेमालीने एक्सेल उघडलंसुद्धा होतं. पहिलं नाव पुकारलं, अंबाजी. ट्रेलर सरळ झाला.

१३ फेब्रुवारी
मामांनी महिनाअखेरची वाट पाहिली नाही. ऑफिस हेमालीला. घराणेशाही, दुसरं काय! आईला फोन केला. ती म्हणाली, मामा सांगेल ते गुपचूप कर. सख्खी आई.
संकल्प: राजीनामा. सोमवारी.

१६ फेब्रुवारी, सोमवार
राजीनामा पुढे ढकलला. मामांनी मला गेटवर उभं केलंय, मी गेलो तर ते कोण सांभाळणार? हेमाली खिडकीतून नंबर सांगते, मी त्या ट्रेलरला हात दाखवतो. सगळ्या गाड्या वेळेत गेल्या. म्हणजे शेवटी सिस्टिम माझ्याच हातात आहे.
दुपारी हेमालीने शिट्टी आणून दिली. मामांची जुनी. धुतलीस का, विचारलं. नाही म्हणाली.
ट्रेलर येत होता. वाजवली.