मदनमहाल पाहून आलो

खमरिया, जबलपूर

चि. मुरलीधर, दादाचा आशीर्वाद.

मी मजेत आहे. आल्हाद आणि सूनबाई फार जपतात मला. रविवारी दोघांनी मदनमहालचा किल्ला दाखवला. टेकडी चढताना गुडघे कुरकुरले, पण वर असा वारा होता की खाली उतरावंसं वाटेना.

आल्हादने दूर हात करून राणी दुर्गावतीची लढाई सांगितली. पुढे फौज, मागे नाल्याला पूर, तिला परत फिरताच आलं नाही. मी तिकडेच पाहत बसलो.

इथले क्वार्टर सगळे एकसारखे. मागच्या महिन्यात मी चुकून दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसलो, चहासुद्धा घेतला! तेव्हापासून दोघं ड्यूटीवर जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. माझ्याच भल्यासाठी रे.

गाय व्याली का? हेमलताची कंबर कशी आहे?

एक काम कर. वावराच्या मोजणीला दादाची सही लागते, त्याला गावी पाठव, असं पत्र टाक. मोजणी नसली तरी टाक. काहून ते विचारू नको. हे पत्र मी खिडकीतून शेजारच्या भाभीजींकडे देऊन राहिलो.

तुझं पत्र मात्र आल्हादच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाक. घरी पोस्टमन आला तर मला दार उघडता येत नाही.

वाट पाहणारा,
दादा