फिकी पडलेली ओळ

४ फेब्रुवारी
गेला! जुना लॅपटॉप गेला. उभी हयात अहमदपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, पण हा काही उठत न्हाई. आमच्या हिचा आवाज त्यातच होता.

लातूरला हिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, त्यात आवाज जाणार म्हणाले, तेव्हा आधी सगळी बाराखडी हिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतली. मग पुस्तकं चाळत, चुकतमाकत पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. ही पडद्यावरची अक्षरं दाबायची, की ती जोडून आवाज यायचा — "अ-हो, मो-ट-र बं-द क-रा." तुटक, पण हिचाच!

पेनड्राइव्हवर सगळं उतरवलेलं हाय. एवढंच नशीब.

६ फेब्रुवारी
आदर्शनं नांदेडहून नवा लॅपटॉप पाठवला. लेकाची माया. पण पायथन नवं, प्रोग्राम लिहायचा एडिटरही नवा. फाइल उघडली, तर काय! जिकडं तिकडं लाल रेघा! मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या किडेमुंग्या. आदर्श फोनवर ओरडला, "बाबा, सेव्ह करू नका! तसंच सेव्ह झालं तर अक्षरं कायमची जातील!" खालच्या कोपऱ्यात मराठी अक्षरं ओळखणारं यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा उघडली. क दिसला, ख दिसला. जीव भांड्यात पडला.

७ फेब्रुवारी
प्रोग्राममधल्या प्रत्येक 'प्रिंट' हुकमाला कंस घालत बसलो. जुन्याला बिगर कंसाचं चालायचं. नव्याचे नखरे लई.

९ फेब्रुवारी
एडिटरात ओळी कशा एका रेषेत दिसतात. तरी पायथन म्हणतं, चूक! काही ओळी मी टॅबनं सरकवलेल्या, काही स्पेसनं. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळावी तसं — डोळ्याला कळतच न्हाई.

ही आता मला बोलवायचं म्हणजे ताट वाजवते. शेजारचा सटवाजी कुंपणावरून म्हणतो, "रामकिशनराव, आज काय दिवसभर आरतीच हाय का घरात?" मी हसलो. तिनं आतून ऐकलं असणार.

पाटी-पेन्सिल आणून दिली, तर तिनं ती सरकवून ठेवली. खरंच हाय तिचं. पाटी वाचायला माणूस समोर लागतो. पाटीवरून हाक मारता येत न्हाई.

१२ फेब्रुवारी
टॅबचं निस्तरलं. आता काही ओळी फिक्या दिसतात. एडिटर सांगतो, यांना कुणी नावानं बोलवतच न्हाई, बिनकामाच्या हायत. म्हटलं, तण हाय — उपटा! सगळ्या काढून टाकल्या.

१३ फेब्रुवारी
लाल रेघ एकही न्हाई. प्रोग्राम चालू होतो. अक्षरं दिसतात. आवाज न्हाई!

स्पीकर तपासला. रेकॉर्ड केलेल्या फाइली तपासल्या — हायत. ही शेजारी बसून क दाबत राहिली. पुन्हा क. पुन्हा क. मग उठून आत गेली. मी कशाला हात लावला याला? आता डोकंच चालत न्हाई.

१५ फेब्रुवारी
आज तिनं ताटसुद्धा वाजवलं न्हाई.

१६ फेब्रुवारी
सकाळी बघत बसलो. ही न बोलता पाणी भरते, भाकरी थापते, माझी गोळी काढून ठेवते. हिचं नाव सिंधु. पण या घरात ते घेतो कोण? मी "अगं", आदर्श "आई". नावानं कुणी बोलवत न्हाई, म्हणून काय बिनकामाची झाली?

तसाच उठलो! पेनड्राइव्हवरची जुनी फाइल शेजारी उघडली. उपटलेल्या ओळींत वरचीच एक होती, आवाजाची फाइल आत घेणारी. ती नुसती आत आली की अक्षरांना आवाज आपोआप जोडले जातात. पुढं तिचं नाव कुठंच येत न्हाई. अरे देवा, तिलाच मी तण समजलो!

ओळ जागेवर ठेवली. क दाबला.

"क!"

तोंडातून निघून गेलं — "सिंधु! ए सिंधु, इकडं ये!" पिठाच्या हातानं दारात आली. माझ्याकडं बघतच राहिली. लॅपटॉपकडं न्हाई, माझ्याकडं.

१७ फेब्रुवारी
दुपारी परसात होतो. सटवाजी कुंपणाशी. घरातून हाक आली — "रा-म-कि-श-न! च-हा नि-व-ला!" लग्नातल्या उखाण्यानंतर हिनं माझं नाव घेतलं ते आज. सटवाजीचा आ वासलेला.

मी जागचा हललो न्हाई. म्हटलं, अजून एकदा येऊ दे.